आठ बाय बेचाळीस

१५ जून, रविवार

खंड्या! तोही कवड्या, काळा-पांढरा. पाण्यावर हवेत एका जागी थांबतो. पंखांची नुसती फडफड, चोच खाली, आणि मग दगड टाकावा तसा धाडकन पाण्यात. वर आला तेव्हा चोचीत मासा चमकत होता. माशाचा डोळासुद्धा दिसला मला! मला, जिला बसची पाटी चष्म्यातूनही नीट दिसत नाही.

भुवनाची करामत. ती आमच्या शाळेत बायॉलॉजी शिकवते, मी हिंदी. स्टाफरूममध्ये शेजारी बसून इतकी वर्षं डबे खाल्ले, पण ही बाई रविवारी सकाळी दुर्बीण घेऊन तळ्यावर जाते हे मला आत्ता कळलं. "एकदा चल तर, सरोजा." गेले. तिनं दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवली आणि झालं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, मला दुर्बीण हवी.

हे पेपरातून वर न बघता: "ह्या वयात? मोठ्या देवळाचा कळस आपल्या गच्चीवरून तसाच दिसतो की."

हवी म्हणजे हवी. आजवर घरात जे आलं ते घरासाठी आलं. मिक्सर, फ्रिज, ह्यांची स्कूटर, लेकीचं लग्न. ही वस्तू माझी असणार. आणि मीच निवडणार.

(ही वही बरी. हिंदी शिकवून देवनागरी हातात बसली आहे. घरात बाकी सगळे मराठी बोलतात, पण वाचतात तमिळ. काहीही लिहावं!)

२० जून, शुक्रवार

मीच निवडणार म्हटलं होतं ना? संध्याकाळी शाळेतून आले तर दारात पार्सल आणि पार्सलशेजारी हे, गालात हसत. "उघड."

उघडलं. भली थोरली काळी दुर्बीण, पुढच्या काचा लालभडक, एखाद्या राक्षसाच्या डोळ्यांसारख्या. अंगावर सोनेरी अक्षरात २० x ५०.

"भुवनाची किती?"

"आठ."

"बघ! ही वीस!" ह्यांचा चेहरा असा, की जणू स्वतः घडवून आणली.

गच्चीवर गेलो. डोळ्यांना लावली. देवळाचा कळस भूकंपात सापडल्यासारखा हलत होता. जरा स्थिर व्हावा म्हणून श्वास रोखला, तर माझ्या छातीचे ठोके कळसावर दिसायला लागले. शेजारच्या माडावर पोपट बसला होता. त्याला शोधेपर्यंत तो उडून दुसऱ्या माडावर गेला, तिथं शोधेपर्यंत तिसऱ्या. आणि सगळं कसं काळपट, धुरकट.

"हात घट्ट धर ना."

"तुम्ही धरून दाखवा."

ह्यांनी धरली. बराच वेळ बघत होते. मग नुसतं "हं" म्हणाले.

२१ जून, शनिवार

परत पाठवली. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. हॉटेलात नेऊन रवा डोसा खायला घातला तेव्हा कुठं बोलले. म्हणाले, "राजगोपालचं चुकलं म्हण एकदा, आणि सोड." स्वतःचं नाव घेऊन बोलायला लागले की समजावं, राग गेला.

२४ जून, मंगळवार

भुवनानं आज डबा खाताखाता आकडे समजावले. इतकं सोपं आहे, मग दुकानदार ते गूढ का करून ठेवतात?

पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसणार. दुसरा म्हणजे पुढच्या काचेची रुंदी, मिलिमीटरमध्ये. तिची आठ बाय बेचाळीस.

"पट वाढवली की हाताची थरथरही तितकीच वाढते," ती म्हणाली. "वीस पट जवळ, वीस पट थरथर. आणि दिसणारा तुकडा लहान होतो. कुलपाच्या भोकातून बघितल्यासारखं."

म्हणूनच पोपट सापडत नव्हता!

"आता दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भाग."

भागलं. पाच आणि थोडं वर.

"तेवढ्या रुंदीचा प्रकाशाचा झोत तुझ्या डोळ्यात जातो. दिवसा अडीच-तीन असला तरी चालतं. सांज झाली की डोळ्यातली बाहुली मोठी होते, तेव्हा झोतही मोठा लागतो."

ह्यांच्या वीस बाय पन्नासचं गणित केलं. अडीच! एवढं थोरलं धूड, आणि उजेड अडीचचा. संध्याकाळी गच्चीवर धुरकट दिसलं ते उगाच नाही.

ह्यांना सांगितलं नाही. रवा डोसा परत खायला घालावा लागेल.

२९ जून, रविवार

भुवनानं तिची दुर्बीण आठवडाभर दिली. मन मोठं बाईचं.

आजचे शोध:

चष्मा. चष्म्यावर दुर्बीण लावली की कडेनं काळ्या सावल्या नाचतात आणि मधे नाण्याएवढं चित्र. मी म्हटलं, माझे डोळेच कामातून गेले. मग बघितलं तर डोळ्यांपाशी रबराच्या वाट्या आहेत, त्या फिरवल्या की आत बसतात. चष्मेवाल्यांनी आत बसवायच्या, बिनचष्मेवाल्यांनी बाहेर. आत बसवल्या आणि खिडकी उघडावी तसं चित्र उघडलं. पण सगळ्या दुर्बिणींत असं होत नाही म्हणे. काहींत डोळा काचेला चिकटवावाच लागतो. म्हणजे घेताना चष्मा लावूनच बघायची.

दुसरं. माझा डावा आणि उजवा डोळा सारखा नाही. आधी उजवा मिटून मधल्या चाकानं डाव्याचं जुळवायचं. मग डावा मिटून उजव्याजवळची कडी फिरवायची. एकदा जुळलं की कडीला हात लावायचा नाही, पुढं फक्त मधलं चाक. ह्यांनी "बघू, बघू" करत दुपारी कडी फिरवलीच!

तिसरं. बिजागरीपाशी वाकवून दोन नळ्या आपल्या डोळ्यांच्या अंतरावर आणायच्या. दोन गोल दिसले तर चूक. एकच गोल दिसला पाहिजे.

अंगणात साळुंकी. डोळ्याभोवतीची पिवळी कातडी दिसली. जन्मभर पाहिलेली साळुंकी, आणि आज ओळख झाली.

६ जुलै, रविवार

घेतली!!

त्रिचीला गेलो, हे आणि मी. कॅमेऱ्यांचं मोठं दुकान. आत गेल्यावर मालक ह्यांच्याशीच बोलायला लागले. "सार, हे बघा सार." ह्यांनी दोनदा माझ्याकडं बोट दाखवलं, तरी "सार". शेवटी हे म्हणाले, "मी नुसता हमाल आहे. मॅडमना दाखवा." शाबास!

आधी एक चिमुकली घडीची काढली, दहा बाय पंचवीस. खरं सांगते, मोहात पडले. पर्समध्ये मावते, वजन नाही, दिसायला गोड. दारात उभी राहून रस्त्यापलीकडची पाटी वाचली. लख्ख! मालक म्हणाले, "लेडीजना हीच बरी."

त्या वाक्यानं शुद्धीवर आले.

म्हटलं, तुमच्या दुकानात सगळ्यात अंधारी जागा कुठली? ते गोंधळले. मागं जिन्याखाली खोक्यांची थप्पी होती. तिथं उभी राहिले आणि एकेक दुर्बिणीतून लांबच्या कोपऱ्यातल्या खोक्यावरची अक्षरं वाचायला लागले. चिमुकलीत नुसता अंधार. दहा बाय बेचाळीसमध्ये अक्षरं दिसली, पण नाचत होती. आठ बाय बत्तीस, छान, हलकी, जवळजवळ जमली होती. आठ बाय बेचाळीस डोळ्याला लावली आणि खोक्यावरचा बारीक मजकूरही वाचता आला, चष्म्यासकट.

मालक म्हणाले, "मॅडम, बत्तीस घ्या. गळ्याला ओझं नाही. अंधारात खोकी कोण वाचतंय?"

मी म्हटलं, मी शाळेतून सुटते साडेचारला. घरचं आवरून बाहेर पडेपर्यंत ऊन उतरतं. माझे पक्षी मला संध्याकाळीच भेटणार. मला उजेड हवा. ओझं मी बघून घेईन.

जवळचं किती जवळ दिसतं तेही पाहिलं (स्वतःच्या चपलेवरची शिवण दिसली). पाणी आत जात नाही ना ते विचारलं. कडेला जांभळी झाक येते का पाहिलं, थोडी येते, चालेल. ह्यात परिपूर्ण काही नसतं. आपल्याला कशासाठी हवी ते ठाऊक असलं की निम्मं काम झालं.

बसमध्ये खोकं ह्यांनी मांडीवर धरलं होतं, तान्ह्या पोरासारखं.

९ जुलै, बुधवार

नऊ वेळा नुसतं आकाश दिसलं. पक्षी एकदाही नाही. फार राग आला!

१३ जुलै, रविवार

युक्ती सापडली! मी पक्षी बघून मग मान खाली घालत होते, दुर्बीण उचलत होते, आणि वर बघेपर्यंत पक्षी हरवत होता. नजर पक्ष्यावरून काढायचीच नाही. डोळे तिथंच ठेवून दुर्बीण डोळ्यांपुढं आणायची. पक्षी आपोआप चित्रात! भुवना म्हणाली, हे कळायला तिला एक मोसम लागला. मला आठवडा. (लिहून ठेवते. फुशारकी इथं मारायची नाही तर कुठं?)

तळ्यावर उघड्या चोचीचे करकोचे. गोगलगायी खात होते. चोच मिटली तरी मधे फट राहते. हे म्हणाले, आपल्या स्वयंपाकघराच्या दारासारखी.

हे आले होते हे लिहायचं राहिलं. स्वतःहून आले.

२४ जुलै, गुरुवार

राजम अक्कांचा फोन, ह्यांची थोरली बहीण. तिरुवैयारूला असतात. "कां गे सरोजा, दुर्बीण घेतलीस म्हणे आणि मला दाखवली नाहीस? रविवारी ये. कोळ्ळिडमला पाणी सोडतायत, पक्षी खूप आहेत." मेट्टूरचं धरण भरलं की जादा पाणी कावेरीच्या ह्या थोरल्या शाखेत सोडतात. एरवी नुसती वाळू आणि वाळूत बेटं. अक्कांची केळीची बाग बांधाला लागूनच आहे. जाते.

२८ जुलै, सोमवार

काल लिहायला बसलेच नाही. आज शाळेला रजा टाकली, आणि आधी ही वही.

ऊन उतरल्यावर अक्का आणि मी बांधावर गेलो. हे घरी पेपर वाचत. सकाळपासून ताल्लुक ऑफिसची रिक्षा कर्णा लावून फिरत होती, नदीत उतरू नका, गुरं सोडू नका. नदीच्या दोन धारांत पाणी चढलं होतं, मधली वाळूची बेटं अजून कोरडी. बेटावर नदी-सुरयांचा थवा. पिवळ्या चोची, काळी टोपी. मी खुशीत.

मग भोंगा वाजला. लांबलचक. काठावरचे लोक वर सरकले, मासेमारी करणाऱ्यांनी आपल्या परिसली, त्या गोल टोपल्यांसारख्या होड्या, बांधावर ओढून घेतल्या. थवा एकदम उठला. मी दुर्बीण त्यांच्यामागं नेत होते. एवढ्यात बेटाच्या टोकाला, उंच लव्हाळ्यांच्या आत, काहीतरी पिवळं दिसलं.

सूर्य गेला होता. नुसत्या डोळ्यांना ते बेट म्हणजे करडा डाग.

"अक्का, तिथं कुणीतरी आहे."

"कोण असणार गे? ओंडका असेल, मागच्या पुरातला."

मी परत पाहिलं. "ओंडका पदर सावरत नाही, अक्का!"

अक्कांनी दुर्बीण घेतली, उलटसुलट केली. "मला काही दिसत नाही." मी त्यांचं डोकं धरून त्या दिशेला वळवलं. मग, "अय्यो! बाई आहे! बसली आहे!"

मी धावले. ह्या वयात, साडी नेसून, बांधावरून! परिसलवाल्यांना गाठलं. त्यांतला थोरला म्हणाला, "तिथं कोणी नाही, अम्मा. लव्हाळं आहे." मी पट्टा गळ्यातून काढून दुर्बीण त्याच्या हातात दिली. त्यानं पाहिलं, दुर्बीण परत दिली आणि भावाला हाक मारून परिसल ओढायलाच लागला. तोवर अक्कांनी अग्निशामक दलाला फोन लावला होता. पण ते येईपर्यंत पाणी थांबणार होतं का?

खरी अडचण पुढं. परिसल पाण्याला टेकलेली, तिच्यातून लव्हाळ्यांपलीकडचं काही दिसेना. थोरल्याच्या भावानं फोन कानाला धरला, इकडं अक्कांनी त्यांचा फोन स्पीकरवर टाकून हातात धरला आणि मी बांधावरून सांगायला लागले. उजवीकडं. अजून. नाही, फार झालं, मागं. वर जा, धार तुम्हाला खाली ओढतेय. माझा हात भरून आला, चित्र थरथरायला लागलं. दुर्बीण खाली घेतली तर बाई हरवणार, उजेड तेवढाच उरला होता. अक्कांना पुढ्यात उभं केलं, त्यांच्या दोन्ही खांद्यांवर कोपरं टेकवली आणि बघत राहिले. अक्का हलल्या नाहीत. तोंडानं मुरुगा देवाचं नाव चालू.

बाई आता उभी राहिली होती. पाणी तिच्या पोटऱ्यांना. ती ओरडत नव्हती, हात हलवत नव्हती. सरळ आमच्या दिशेला बघत होती. भीतीनं गोठली असणार. मी मोठमोठ्यानं म्हणत होते, "थांब, आलेच ते, थांब." जसं काही तिला ऐकू जाणार होतं.

परिसल लव्हाळ्यांतून आत घुसली. थोरल्यानं तिला दंडाला धरून ओढून घेतलं.

ते काठाला लागेपर्यंत बेटाच्या जागी लव्हाळ्यांचे शेंडे तेवढे राहिले होते.

तिशीची असेल. पिवळी साडी कमरेपर्यंत भिजलेली. जमलेल्यांत कुणीतरी म्हणालं, "बकरी शोधायला गेली असेल!" तिनं मान डोलावली. नाव वासुकी, पुढच्याच गावची. अक्कांनी घरी नेलं, कोरडी साडी दिली, गरम कॉफी दिली. तिचा भाऊ येऊन घेऊन गेला. जाताना तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं.

चिमुकली दहा बाय पंचवीस घेतली असती तर? त्या उजेडात मला ते पिवळं दिसलंच नसतं. हे मला नक्की ठाऊक आहे, जिन्याखाली उभी राहून बघितलंय मी!

२९ जुलै, मंगळवार

शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी हेडमिस्ट्रेसनी सगळ्या मुलांसमोर सांगितलं. टाळ्या. मान वर काढून उभी राहिले. का नाही राहायचं?

३ ऑगस्ट, रविवार

आडीपेरुक्कू. नदीला आलेल्या नव्या पाण्याची पूजा. घरात लिंबाचा भात, नारळाचा भात, चिंचेचा भात, दहीभात. भुवना जेवायला आली होती. ह्यांनी तिला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली, जणू बांधावर हेच उभे होते. त्यांच्या सांगण्यात बेट आता दुप्पट लांब आहे आणि पाणी वासुकीच्या गळ्याशी आलंय. मी दुरुस्त केलं नाही. माझी दुर्बीण, माझी बायको, असं दोन्ही एका दमात म्हणत होते. दुर्बीण त्यांची कधी झाली?

भुवना ऐकत होती. मग म्हणाली, "बकरी सापडली का तिची?"

मी विचारलंच नव्हतं. पुरात गेली असेल बिचारी.

५ ऑगस्ट, मंगळवार

देवघरात दुर्बिणीवर जास्वंद वाहिलेलं! काचेवर पराग. ह्यांना मऊ फडकं देऊन बसवलंय पुसायला.

९ ऑगस्ट, शनिवार

दुपारी वासुकी आली. एकटीच, बसनं. पत्ता अक्कांनी दिला. खुर्चीवर बसेना, म्हणून मीही तिच्यासमोर खाली बसले. मीच बोलत सुटले, कॉफी घे, अंगात ताप नाही ना आला, बकरी सापडली का?

"बकरी नव्हती, अम्मा," ती म्हणाली. "भोंगा मी ऐकला होता. पाणी येणार ते ठाऊक होतं. म्हणूनच गेले होते."

हातातला कॉफीचा पेला मी खाली ठेवला.

"मग बांधावर, आभाळाच्या उजेडात, कुणीतरी उभं दिसलं. दोन्ही हात डोळ्यांशी नेलेले, आणि हात खालीच घेईना. कितीतरी वेळ माझ्याकडंच बघत होतं. कुणी बघत असताना पुढं पाऊल टाकवेना."

का गेली होती ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. कॉफी गार झाली, दुसरी केली. उठताना तिनं विचारलं, परत कधी येऊ?

उद्याच ये, म्हटलं.